बेट बुडवायचंय? मग आधी विहीर खणा

मागच्या वर्षी सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मी एक गोष्ट लिहिली होती. समुद्रात एक बेट, बेटावर महान संस्कृती, सोन्याचे मनोरे, निळा उजेड देणारा स्फटिक, माजलेला राजा, आणि शेवटी देवांचा कोप होऊन एका रात्रीत सगळं खलास. मला स्वतःला जाम आवडली होती. छापायच्या आधी शेजारच्या काकूंना वाचायला दिली. काकूंचं माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं, घरची होडी, वडील रोज खाडीत जाणारे. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं शेवटपर्यंत वाचली आणि एकच विचारलं, "अगं पण ही माणसं पाणी कुठलं पीत होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्ट तशीच छापून आली, काकूंनी छान झालीय म्हणून रव्याचा लाडू पण दिला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून ह्या वर्षी तेच बेट पायापासून परत बांधलं आणि परत बुडवलं, आणि ते करताना जे कळलं ते इथे टाकतेय. कुणाला गोष्टीसाठी हवं असेल, एकांकिकेसाठी, किंवा मित्र जमून फासे टाकून खेळतात तसल्या गेमसाठी, तर उचला बिनधास्त.

तर पहिलं काम नकाशा काढणं नाही, राजघराण्याची वंशावळ तर अजिबातच नाही. पहिलं काम विहीर.

चारी बाजूंनी खारं पाणी असताना बेटावर गोडं पाणी येतं कुठून? पावसातून. पाऊस जमिनीत मुरतो आणि वाळू-मुरमाचं बेट असेल तर ते गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. ह्याचा एक भारी हिशोब आहे, समुद्राच्या पातळीच्या वर १ हात गोडं पाणी असेल तर पातळीच्या खाली साधारण ४० हात गोडं पाणी असतं. ऐकायला मस्त वाटतं ना, आता हेच उलटं करून बघा. विहिरीतून उपसून उपसून ती वरची पातळी १ हात खाली आणली की खालून खारं पाणी हळूहळू ४० हात वर सरकतं. म्हणजे वरून बघणाऱ्याला विहीर जेमतेम हातभर खाली गेलेली दिसते, आणि खाली खेळ संपत आलेला असतो. मला हे कळलं तेव्हा मी लोकलमधे होते आणि अक्षरशः स्टेशन चुकले, कारण अख्ख्या संस्कृतीचा शेवट ह्या एका वाक्यात बसतो आणि त्याला स्फटिकबिटिक काही लागत नाही.

पाणी नसेलच तर तेही चालतं, पण मग ते कोण आणतं ते ठरवा. पॅसिफिक महासागरात पोनपेई बेटाला लागून नान मदोल नावाचं जुनं शहर आहे, प्रवाळाच्या उथळ पाण्यात बेसॉल्टचे खांब ओंडक्यांसारखे आडवे-उभे रचून शंभरेक छोटी बेटं माणसांनी तयार केली आणि त्यावर राजे राहिले. तिथे पिण्याचं पाणीही नाही आणि शेतीही नाही, सगळं मोठ्या बेटावरून होडीने यायचं. आता तुम्हीच सांगा, अशा राजाला भीती कशाची वाटत असेल, समुद्राची का होडीवाल्यांची? तिकडच्या लोककथा म्हणतात की शेवटी बाहेरून आलेल्या एका योद्ध्याने ते घराणं संपवलं. समुद्राने काही केलं नाही, समुद्र होता तिथेच होता.

विहीर झाली की भरती-ओहोटी. इथे आपण लोक नशीबवान आहोत, कारण आपल्याला हे बघायला कुठे जावं लागत नाही. आणि बाय द वे आपण ठाणेकर स्वतःच बेटावर राहतो, साष्टी बेटावर, एका अंगाला वसईची खाडी आणि एका अंगाला ठाण्याची. नवी मुंबईवाले खरे मेनलँडवाले, हे मी ऑफिसमधल्या कोपरखैरणेकरांना मुद्दाम ऐकवत असते. तर गृहपाठ असा, वाशीच्या खाडीपुलावरून ट्रेनने जाताना दारातून नाही, खिडकीतून, एक फोटो काढा, आणि साधारण सहा तासांनी परत येताना त्याच जागेचा दुसरा. एकात चिखल, त्यात पाय रुतवून उभे फ्लेमिंगो, मधेच आडवी पडलेली होडी, आणि दुसऱ्यात नुसतं पाणी. हे एकाच जागेचे फोटो आहेत हे सांगावं लागतं. घारापुरी बेट भरतीला साधारण १० चौरस किलोमीटर असतं आणि ओहोटीला १६. म्हणजे बेटाचा तिसरा हिस्सा दिवसातून दोनदा गायब होतो आणि दोनदा परत येतो. तुमच्या बेटाच्या लोकांची मालकीहक्काची भांडणं, चोऱ्या, लपूनछपून भेटणं, देवळाचे नियम, हे सगळं त्या मधल्या चिखलात ठेवा. ओहोटीला उघडी पडणारी जमीन कोणाची? ह्या एका प्रश्नावर माझी दोन प्रकरणं निघाली.

आता पैसा. बहुतेकजण इथे सोनं टाकतात. नका टाकू. सोन्याने काही बुडत नाही. असा धंदा शोधा जो स्वतःच्या पायाखालची जमीन खातो. मी मीठ घेतलं, कारण मिठागरं आपल्या ओळखीची आहेत आणि कारण हे खरंच घडलेलं आहे. आत्ताच्या जर्मनीत, उत्तर समुद्राच्या काठी रुंगहोल्ट नावाचं गाव होतं. सखल जमीन, भोवती मातीचे बांध. त्या भागात लोक जमिनीखालचा कुजलेल्या झाडपाल्याचा थर खणून काढायचे, तो समुद्राच्या पाण्याने मुरलेला असायचा, तो जाळून त्या राखेतून मीठ काढायचे. मिठाला भाव, गावं श्रीमंत. पण थर काढला की जमीन आणखी खाली जाते आणि बांधावरचा भार वाढतो. १३६२ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं आणि रुंगहोल्ट गेलं. पुढे कित्येक शतकं लोक म्हणत राहिले की गावाला पापाची शिक्षा झाली, पाण्याखालून अजून घंटा ऐकू येते. २०२३ मधे संशोधकांना तिथल्या चिखलाखाली एका मोठ्या चर्चच्या खुणा सापडल्या, ४० मीटर लांब.

पाप होतं का? असेल. पण त्याआधी जमीन कमरेइतकी खाली गेली होती की नाही ते बघा. लेखक म्हणून तुम्हाला दोन्ही लागतं, कारण लोक गोष्ट पापाची सांगणार आणि तुम्हाला मात्र बांधाचा हिशोब माहीत असायला हवा.

बांधाबद्दल जरा जास्त लिहिते कारण माझं सगळं बेट शेवटी एका बांधावर उभं राहिलं. कोकणात खारजमिनीत खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालतात, आत भात. बांधाला जागोजागी उघाडी असते, म्हणजे दार, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला बाहेरच्या दाबाने दार बंद होतं. एकदम साधं आणि एकदम हुशार यंत्र. बांधाच्या बाहेर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं असतात, ती लाटेचा जोर खातात. बांध फुटला की म्हणतात खांड गेली. आणि खांड जाते कशाने, तर बऱ्याचदा खेकड्याने. खेकडा बांधात बीळ करतो, बीळ आरपार गेलं की भरतीला त्यातून करंगळीएवढी धार लागते, धार माती घेऊन जाते, बीळ मनगटाएवढं होतं, मग मांडीएवढं, आणि मग वरची माती बसते. मग तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून बांधावर फिरून बिळं बघायची, चिखलाचा गोळा ठोकून ठोकून बुजवायची. रोज. वर्षानुवर्षं. कोणी टाळ्या वाजवत नाही अशा कामाला.

म्हणजे आता माझं बेट बघा कसं झालं. नाव चांदकू. मीठ पिकवतात, मीठ विकून श्रीमंत होतात. आणखी मीठ हवं म्हणून मिठागरं वाढवतात, त्यासाठी बांधाबाहेरची तिवरं तोडतात, आणि तोडलेली तिवरं खारं पाणी उकळायला जाळतात म्हणजे डबल नुकसान. बाहेरून मजूर आणतात, माणसं वाढली म्हणून विहिरी जास्त उपसतात, विहिरी मचूळ होतात, तेव्हा श्रीमंत लोक होडीने गोडं पाणी मागवायला लागतात आणि विहिरींकडे बघणं सोडतात. बांधाची पाळी आधी प्रत्येक घराला असायची, नंतर पैसे भरून पाळी चुकवता यायला लागली, मग पाळी फक्त गरिबांना उरली, मग एक पगारी राखणदार नेमला, आणि मग त्याचा पगार थकला. एवढंच. राजा माजलेला वगैरे काही नाही, उलट मी त्याला बरा माणूस केलाय, संगीत आवडणारा. सोसायटीच्या मीटिंगला बसणाऱ्यांना हा भाग लिहायला रिसर्च लागणार नाही.

एक नियम मी स्वतःसाठी केला, बेट ज्याने मोठं झालं त्यानेच गेलं पाहिजे. आकाशातून काहीतरी पडून बेट संपवलं तर वाचणाऱ्याला धक्का बसतो पण हळहळ वाटत नाही. ज्वालामुखी घ्यायचाच असेल तर घ्या, पण मग ज्वालामुखीची राख पडल्यामुळे माती सुपीक आहे आणि म्हणून तर लोक तिथे राहायला आले असं तरी करा.

नावाचं थोडक्यात. परदेशी वाटावं म्हणून क्ष आणि झ ठासून भरलेली नावं ठेवू नका, लोक वाचताना अडखळतात आणि मग डोळ्यांनी उडी मारतात. त्यापेक्षा एक नीट अर्थाचं जुनं नाव घ्या आणि ते घासा. श्रीस्थानकचं ठाणे झालं, षट्षष्टीचं साष्टी झालं आणि पोर्तुगीज-इंग्रजांच्या तोंडी साल्सेट, वसईचं बसीन. घारापुरीला पोर्तुगीजांनी दगडी हत्ती बघून एलिफंटा केलं, आणि तो हत्ती आता घारापुरीला नाहीच, भायखळ्याला जिजामाता उद्यानात आहे. मी चंद्रकूप घेतलं, म्हणजे चंद्राची विहीर, त्याचं चांदकुवा, त्याचं चांदकू. गोष्टीच्या शेवटी कोणालाच आठवत नाही की नावात विहीर होती. वस्त्यांची नावं मात्र कामावरून ठेवा, घारापुरीत मोरबंदर, राजबंदर, शेतबंदर आहेत, कशी पटकन कळतात.

लपवायचं कसं, हाही एक प्रॅक्टिकल प्रॉब्लेम असतो. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज फक्त ५ किलोमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे सखल बेट फार लांब ठेवावं लागत नाही. पण बेटावर मोठा डोंगर ठेवलात तर तो शंभर किलोमीटरवरून पण दिसू शकतो, तेव्हा "कोणालाच माहीत नव्हतं" हे विसरा. माझ्या पहिल्या गोष्टीत सोन्याचे मनोरे होते, उन्हात चमकणारे. हरवलेलं बेट म्हणे!

आता बुडवण्याचा वेग. प्लेटोने अटलांटिस एका दिवस-रात्रीत बुडवलं आणि तेव्हापासून सगळे तेच करतायत. पण खरी उदाहरणं बघितली की वेगळंच दिसतं. ग्रीसजवळच्या थेरा बेटावर, म्हणजे आत्ताचं सँटोरिनी, साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला आणि अक्रोतिरी नावाचं शहर राखेखाली गेलं. १९६७ पासून तिथे व्यवस्थित उत्खनन चालू झालं. दोन-तीन मजली घरं, भिंतींवर रंगीत चित्रं, रस्त्याखालून गटारं, सगळं सापडलं, माणसांचे सांगाडे मात्र जवळजवळ नाहीतच. आधी भूकंप झाले असणार आणि लोक ऐवज घेऊन निघून गेले असणार. मला हे बुडण्यापेक्षा जास्त लागलं. कारण निघणं म्हणजे काय घ्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवणं, आणि गोष्ट तिथे असते. आपल्याकडे २००५ च्या २६ जुलैला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा पहिलं काय उचललं, कोणी रेशनकार्ड सांगेल, कोणी कुकर. एकाने मला सांगितलं टीव्हीचा रिमोट, टीव्ही नाही, रिमोट. असं काहीतरी तुमच्या माणसांच्या हातात द्या.

आणि थेराशी व्यापार असलेली क्रीट बेटावरची संस्कृती त्या उद्रेकात लगेच संपली नाही, पुढे काही पिढ्या चालली. तेव्हा आपत्ती आणि अंत ह्यांच्या मधे जागा सोडा. माझ्या बेटावर पहिली खांड गेली तेव्हा कोणी मेलं नाही, एका वस्तीचा भात गेला, लोकांनी बांध परत घातला आणि मोठी पूजा केली. अंत त्यानंतर ३० वर्षांनी.

कोण सांगतंय ते पण ठरवा, आणि इथे जरा वेळ द्या. ठाण्याचंच घ्या. तलावपाळीला संध्याकाळी भेळ खाताना आपल्या मनातही येत नाही की ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं हेमाद्रीने लिहून ठेवलंय. पण हेमाद्री कोणाचा माणूस? यादवांचा. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड आहेत, त्यावर होड्यांची लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणारे लोक दिसतात, ती ह्याच लढाईची असावी असं मानतात. म्हणजे बुडलेल्या राज्याची गोष्ट एक तर जिंकणाऱ्याच्या कारकुनाकडून येते किंवा दगडाकडून, आणि दगड बोलत नाही. तुमच्या बेटाचा इतिहास शत्रूच्या तोंडून लिहून बघा एकदा, गंमत येते.

रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, तिथे तर ह्याचा कहर झाला. १७२२ मधे डच लोक तिथे पोचले. नऊशेच्या आसपास दगडी पुतळे आणि झाडं जवळजवळ नाहीत, हे बघून पुढे जगभर गोष्ट पसरली की मूर्ख लोकांनी पुतळ्यांपायी झाडं तोडली आणि स्वतःच संपले. झाडं गेली हे खरं, त्यात उंदरांनी पाम वृक्षांच्या बिया खाल्ल्या हाही भाग धरतात. पण १८६२ पासून पेरूहून जहाजं येऊन तिथली माणसं मजुरीला पकडून नेत होती, जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीचा रोग आला, आणि १८७७ ला बेटावर १११ माणसं उरली होती. हे सांगायचं मात्र लोक विसरतात. म्हणून मी चांदकूच्या शेजारच्या मुलखात एक व्यापारी ठेवलाय जो सगळ्यांना सांगत फिरतो की चांदकूवाले आळशी होते, देवाने शिक्षा केली. तिवरांचं लाकूड विकत घेणारा तोच होता.

मागे काय उरलं हे शेवटी ठरवा, पण कमी ठेवा. इंडोनेशियात १८१५ ला तांबोरा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्या पायथ्याचं त्याच नावाचं छोटं राज्य गाडलं गेलं, आणि त्यांची भाषा पण गेली. त्या भाषेचे आज पन्नासच्या आत शब्द माहीत आहेत, कारण उद्रेकाच्या आधी कोणीतरी एक यादी केली होती. मी हेच ढापलं, चांदकूच्या भाषेचे फक्त ९ शब्द ठेवले, त्यातले ४ मिठाचे, २ चिखलाचे, एक शिवी, एक हाक, आणि एक ज्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. भाषा बनवायला व्याकरणाची पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांनी हे करून बघावं, अर्ध्या तासात होतं.

शिवीवरून आठवलं, शिलाहारांच्या काळातले गधेगाळ बघितलेत का? दान दिलेली जमीन कोणी लाटली तर त्याच्यासाठी दगडावर शिवी कोरून ठेवायचे, वर सूर्य-चंद्र, मधे लेख, खाली गाढव, आणि गाढव काय करतंय ते मी इथे लिहीत नाही. माझ्या बेटावर असाच एक दगड आहे, तिवरं तोडणाऱ्याला शिवी. मिठागर वाढवताना तो दगड उपटून विहिरीच्या काठाला धुणं धुवायला ठेवला, पालथा.

तर असं सगळं करून ह्या वर्षी गोष्ट परत काकूंकडे नेली. बेट बुडतं तो सीन मी श्रावणातल्या अष्टमीच्या काळोख्या रात्री ठेवला होता, विजा, वारा, फुल्ल माहोल. काकूंनी तिथेच बोट ठेवलं. "अष्टमीला कुठलं गं उधाण? अष्टमीला भांग असते, पाणी चढतच नाही." मग त्यांनी मला हिशोब शिकवला, तो तुम्हालाही देते, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. मी म्हटलं ठीक आहे, पौर्णिमेनंतरची द्वितीया घेते, दोन त्रिक सहा भागिले चार, रात्री दीड वाजता. तर म्हणाल्या, "रात्री नाही, दुपारी घे. पावसाळ्यात मोठं पाणी दिवसाचं असतं, रात्रीचं हिवाळ्यात."

सगळा सीन फाडला. आता चांदकू श्रावणात भर दुपारी दीड वाजता जातं. पौर्णिमेला समुद्राची पूजा होऊन दोन दिवस झालेत, घराघरात उरलेला गोड भात संपवून लोक आडवे झालेत, पाऊस जरा थांबलाय, ऊनसुद्धा पडलंय. बांधावर फक्त एक दहा वर्षांची मुलगी आहे, राखणदाराची, बापाचा पगार थकलाय म्हणून तो दुसरीकडे कामाला गेलाय. तिला बांधाच्या आतल्या अंगाला करंगळीएवढी धार दिसते. ती चिखलाचा गोळा करून ठोकते, धार शेजारून येते. ती त्यावर टाच दाबून उभी राहते आणि गावाच्या दिशेने हाक मारते, त्या नऊ शब्दांपैकी जी हाक आहे ती.